थोमाच्या मंदिराची भेट : निघण्यापूर्वीं शिकवावयाचा पाठ

वाचन : यहोशवा ४ : १–९; योहान ४ : १९–२४.

सुगी आटोपून हात मोकळे झाले म्हणजे खेड्यांतील मंडळ्यांना मुंबई पाहण्याची इच्छा होते, आणि मुंबईस आल्यावर त्यांतील पुष्कळ जण उतरावयास आमच्या जोगेश्वरीस येतात. येथें कोणाची बहीण, कोणाचा पुतण्या, कोणाचा गांवकरी एका खोलीच्या बिऱ्हाडांत राहत असतो, आणि त्या एका खोलींत आठ पाहुणे मावतात हें आश्चर्य आम्ही दरसाल पाहतों. गेल्या दोन महिन्यांत तीन गांवच्या उपदेशकांनीं आम्हांस पत्रें लिहिलीं. तिन्ही पत्रांतील मागणी एकच : मंडळीस कोटांतील थोमाचें मोठें मंदिर दाखवावयाचें आहे, तरी कसें जावें आणि काय पाहावें तें कळवावें. प्रत्येकास निरनिराळें उत्तर लिहीत बसण्यापेक्षां हा पाठच लिहून काढावा असें आम्हांस वाटलें. उपदेशकबंधूंनीं तो गांवींच, निघण्याच्या आधल्या एकदोन रात्रीं, मंडळीस समजावून द्यावा. न शिकतां गेलेला मनुष्य उंच छत आणि रंगीत कांचा पाहून परत येतो, व घरीं विचारलें तर "फार मोठें होतें" इतकेंच सांगतो.

एका पत्राच्या शेवटीं एक शंका घातली आहे. तिचें उत्तर पहिल्यानें देणें बरें. लिहिणाऱ्याचें म्हणणें असें कीं, आपले वाडवडील पंढरीची वारी करीत. आपण ती सोडून ख्रिस्ताकडे आलों. मग आतां पुन्हां एका दगडाच्या मंदिराची वारी कशाला? शंका योग्य आहे आणि ती विचारणाऱ्यास आम्ही शाबासकी देतों. शोमरोनी बाईनें प्रभूस हाच प्रश्न घातला होता, कीं उपासना ह्या डोंगरावर करावी कीं यरुशलेमांत? प्रभूनें तिला ना डोंगर दाखविला, ना शहर. तेव्हां हें स्पष्ट सांगून ठेवावें कीं, थोमाच्या मंदिरांत गेल्यानें कोणाचें पाप झडत नाहीं, नवस फळत नाहीं, आणि तेथें केलेली प्रार्थना आपल्या गांवच्या पत्र्याच्या शेडांत केलेल्या प्रार्थनेहून देवास अधिक लवकर पोहोंचत नाहीं. आपण तेथें पुण्य आणावयास जात नसून ओळख करून घेण्यास जातों. आपल्या आधीं ह्या देशांत जी मंडळी झाली तिचें बरें आणि वाईट तेथें दगडांत लिहून ठेविलें आहे. तें वाचतां आलें पाहिजे.

आतां 'कथीड्रल' ह्या शब्दाविषयीं. पुष्कळांची समजूत अशी कीं, फार मोठ्या मंदिरास कथीड्रल म्हणतात. तसें नाहीं. ग्रीक भाषेंत 'कथेड्रा' म्हणजे आसन. ज्या मंदिरांत बिशपाचें आसन असतें तें कथीड्रल, मग तें लहान कां असेना. थोमाचें मंदिर उघडल्यानंतर शंभराहून अधिक वर्षें साधें मंदिरच होतें. १८१६ सालीं कलकत्त्याचे बिशप मिडल्टन यांनीं त्याचें समर्पण केलें. १८३७ सालीं मुंबईकरितां निराळा बिशप नेमला गेला, त्यांचें नांव थॉमस कार, आणि तेव्हांपासून तें कथीड्रल झालें. घड्याळाचा उंच मनोरा १८३८ चा आहे. वेदीकडील भाग पुढें १८६० नंतरच्या दशकांत वाढविला. वर्षांची ही यादी मंडळीस पाठ करावयास लावूं नये. मनोरा मंदिरापेक्षां एकशेंवीस वर्षांनीं लहान आहे एवढें लक्षांत राहिलें तरी पुरे.

कोणी म्हणतील कीं तें तर इंग्रजी चर्चचें, आपलें नव्हे. आपण अमेरिकन मराठी मिशनचे. ही भाषा आतां जुनी झाली. २९ नोव्हेंबर १९७० रोजीं नागपूर येथें चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली, आणि अँग्लिकन मंडळ्या व ज्यांत आपल्या मंडळ्या पूर्वींच सामील झाल्या होत्या ती संयुक्त मंडळी, ह्या एकाच छत्राखालीं आल्या. म्हणून थोमाच्या मंदिरांत आपण परक्याच्या घरचे पाहुणे नाहीं. हें सांगणें सोपें आहे. दाराशीं उभें राहिल्यावर तें मनांत उतरणें किती कठीण, तें पुढें सांगतों.

मंदिराची हकीकत सांगतांना आरंभ मुंबईपासून करावा. १६६१ च्या तहानें पोर्तुगालच्या राजानें आपली बहीण इंग्लंडच्या राजास देतांना हें बेट आंदण दिलें, आणि १६६८ सालीं त्या राजानें तें वर्षास दहा पौंड भाड्यानें कंपनीच्या हवालीं केलें. जेराल्ड ऑंजियर नांवाचा गव्हर्नर आला. त्याला वाटलें कीं येथें व्यापारास आलेल्या इंग्रजांकरितां एक उपासनामंदिर असावें. १६७६ सालीं पाया घातला, आणि दुसऱ्याच वर्षीं ऑंजियर सुरतेस मरण पावला. भिंती पुरुषदोनपुरुष वर आल्या होत्या. त्या तशाच राहिल्या. एक नाहीं दोन नाहीं, सुमारें चाळीस वर्षें त्या उघड्या भिंती पाऊस खात उभ्या होत्या. कंपनीजवळ वखारीस पैसा होता, किल्ल्यास पैसा होता, तोफांस पैसा होता. ज्या गांवीं मंदिराचें जोतें बांधून होतें आणि पुढें वर्गणी अडते, त्या गांवच्या मंडळीनें हें ऐकून घ्यावें; आमच्या पाहण्यांत अशीं चार गांवें आहेत आणि त्यांपैकीं एकांत आम्हीं स्वतः सहा वर्षें पाळकाचें काम केलें. पुढें रिचर्ड कॉब नांवाचे पाळक आले. त्यांनीं १७१५ सालीं उपासनेंत उभें राहून त्या अर्धवट भिंतींची लाज लोकांपुढें मांडली, वर्गणी गोळा केली, आणि २५ डिसेंबर १७१८ रोजीं, नाताळाच्या दिवशीं, मंदिर उघडलें.

त्या दिवशींची एक गोष्ट कॉबसाहेबांनीं स्वतः लिहून ठेविली आहे. आंत गव्हर्नर बून आणि कंपनीचे लोक बसले होते. भोंवतीं ह्या देशच्या लोकांची मोठी गर्दी उभी होती, आणि त्यांत रामाजी व त्याची सारी जात होती. हा रामाजी म्हणजे रामा कामती, मुंबईंतला मोठा शेणवी गृहस्थ, कंपनीच्या शिपायांचा पुढारी. त्यानेंच तीन वर्षांपूर्वीं वाळकेश्वराचें देऊळ पुन्हां बांधविलें होतें. ख्रिस्ती उपासनेची शिस्त व सभ्यता पाहून हे लोक इतके संतोषले कीं, सारी उपासना संपेपर्यंत ते उभे राहिले, असें कॉबसाहेब लिहितात. आपल्या बाजूचा मनुष्य ह्या मंदिराच्या गोष्टींत पहिल्यानें येतो तो असा : उभा.

कथा येथें थांबविली तर गोड वाटेल, पण ती पुरी सांगितली पाहिजे. दोन वर्षें होतात न होतात तोंच, १७२० सालीं, ह्याच रामा कामतीवर कान्होजी आंग्र्यांस गुप्त पत्रें लिहिल्याचा आरोप आला. गव्हर्नर बून यांच्यापुढें चौकशी झाली, साक्षी घेतल्या, त्यास जन्माची कैद झाली, मालमत्ता जप्त झाली, आणि तो कैदेंतच मेला. ज्या पत्रांवरून तो दोषी ठरला तीं बनावट होतीं असें मागाहून उघड झालें. नाताळाच्या दिवशीं पहिल्या बांकावर बसणारा तोच, आणि खोट्या कागदावर शिक्षा सांगणाराहि तोच. उपदेशकांनीं ही गोष्ट लपवूं नये. हिंदु शेजारी ती आपल्यास सांगेल त्यापूर्वीं आपणच आपल्या मुलांस सांगितलेली बरी. आणि जातीच्या पंचायतीनें खोटी साक्ष ऐकून ज्यांस गांवाबाहेर काढलें अशीं माणसें आपल्या मंडळ्यांत आहेत, त्यांस रामाजीचें दुःख समजावून द्यावें लागणार नाहीं.

ह्याहून मोठी गोष्ट पुढें आहे. मंदिर उघडलें १७१८ सालीं. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी मुंबईच्या बंदरांत उतरले १८१३ च्या फेब्रुवारींत. मध्यें चौऱ्याण्णव वर्षें गेलीं. इतकीं वर्षें ह्या कोटांत दर रविवारीं घंटा वाजे, इंग्रजी प्रार्थना होई, हुद्द्याप्रमाणें माणसें आपापल्या जागीं बसत. आणि कोटाच्या बाहेर मराठी बोलणारा शेतकरी, कोळी, महार, मांग, कुणबी ह्यांस शुभवर्तमान सांगावें हें काम कंपनीनें आपलें मानलें नाहीं. नुसतें मानलें नाहीं इतकेंच नव्हे. मिशनरी आले तर व्यापारास आणि राज्यास धोका होईल ह्या भीतीनें ती त्यांस येऊं देत नसे. हॉल व नॉट आले तेव्हां त्यांसहि परत जाण्याचा हुकूम झाला. ते कोचीनपर्यंत निघूनहि गेले, तेथून त्यांस परत आणिलें. त्यांनीं गव्हर्नर सर इव्हन नेपियन यांस अर्जावर अर्ज लिहिले. त्याच वर्षीं इंग्लंडच्या पार्लमेंटानें कंपनीची सनद नवी करतांना मिशनऱ्यांस वाट मोकळी केली, आणि शेवटीं त्यांस राहूं दिलें. हॉल मराठी शिकले, रस्त्यावर व बाजारांत बोलले, शाळा काढल्या, आणि १८२६ च्या मार्च महिन्यांत प्रवासांत असतां पटकीनें वारले. त्याच सालीं मराठी नवा करार छापून निघाला. तुमच्या उशाशीं जें पुस्तक आहे त्याची वाट कोटांतल्या वेदीवरून आली नाहीं. ती हुकूम मोडीत, कोटाच्या बाहेरून आली.

असें असतां तेथें जावें तरी कां, असें कोणी विचारील. जावें अशासाठीं कीं, देवाचें घर माणसांच्या हातीं असलें म्हणजे त्यांत काय काय होऊं शकतें हें पाहतां यावें, आणि आपल्या गांवच्या घराकडे त्याच डोळ्यांनीं पाहतां यावें. आपल्या मंदिरांतहि पहिली सतरंजी कोणाची आणि दाराशीं कोण बसतो, हें आम्हांस ठाऊक आहे.

आतां प्रवास. जोगेश्वरीहून चर्चगेटची सावकाश गाडी धरावी; ती प्रत्येक स्टेशनावर थांबते आणि सुमारें एक तास घेते. जलद गाडीच्या लोभानें अंधेरीस उतरून पूल चढूं नये. म्हातारीं माणसें दमतात आणि दहा मिनिटें वांचविण्यांत अर्धा तास जातो. जोगेश्वरीनंतर चर्चगेट हें सोळावें स्टेशन, आणि तेथें गाडीचा प्रवास संपतो, म्हणून चुकून पुढें जाण्याची भीति नाहीं. भीति आहे ती मध्येंच उतरण्याची. सहा वर्षांपूर्वीं आम्हीं एकतीस माणसें नेलीं. सकाळीं नऊची वेळ धरली, ही पहिली चूक. बायांस बायांच्या डब्यांत बसविलें आणि त्यांजबरोबर वाट माहीत असलेली एकहि बाई दिली नाहीं, ही दुसरी. दादरास लोंढा उतरला. दोघी म्हाताऱ्यांस वाटलें कीं सगळे उतरतात तर हेंच चर्चगेट, आणि त्या लोंढ्याबरोबर फलाटावर आल्या. चर्चगेटास माणसें मोजलीं तेव्हां एकोणतीस भरलीं. त्या दिवशीं मंदिर कसलें आणि काय! दुपारीं एक वाजतां त्या दादरच्या एका बांकावर चिवड्याची पुडी सोडून बसलेल्या सांपडल्या, आणि आम्हांस पाहून म्हणाल्या, "पाळकसाहेब, तुम्ही कुठं हरवला होता?" तेव्हां आमचें सांगणें असें कीं, सकाळीं अकरानंतर निघावें, परतीचें तिकीट आधींच काढावें, प्रत्येक डब्यांत एक जाणतें माणूस असावें, आणि मुलांच्या व वृद्धांच्या खिशांत नांव व मोबाईलचा आंकडा लिहिलेली चिठ्ठी असावी. रविवारीं जात असाल तर रेल्वे दुरुस्तीसाठीं मार्ग बंद ठेवते, त्याची चौकशी शनिवारींच करावी. ज्यांस छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनसवरून जाणें सोईचें वाटेल त्यांस जोगेश्वरीहून हार्बरची गाडीहि मिळते.

गाडींत बसल्या बसल्या एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. आमच्या जोगेश्वरीचा हमाल, शिपाई, कारकून, भांडीं घासणारी बाई, सारीं दिवसांतून दहादां "चर्चगेट" हा शब्द उच्चारतात, आणि त्याचा अर्थ कोणासहि आठवत नाहीं. मुंबईच्या कोटास तीन दरवाजे होते : अपोलो, बाजार आणि चर्च. जो दरवाजा थोमाच्या मंदिराकडे जाई तो चर्चगेट. १८६० नंतरच्या दशकांत तट पाडला, त्याबरोबर दरवाजाहि गेला, आणि त्या ठिकाणीं फ्लोराचें कारंजें आलें. दरवाजा नाहीं, तट नाहीं. पण मंदिराचें नांव रेल्वेनें उचललें तें आजवर लाखों माणसांच्या तोंडीं आहे. फलाटावर उतरल्यावर मंडळीस एवढें विचारावें, कीं हें नांव कशावरून पडलें. लहान मुलें पहिल्यानें उत्तर देतील.

चर्चगेटाहून पूर्वेस वीर नरिमन रस्त्यानें सरळ चालावें. फ्लोराच्या कारंज्याशीं, म्हणजे आतांच्या हुतात्मा चौकांत, क्षणभर थांबावें. संयुक्त महाराष्ट्राकरितां ज्यांनीं प्राण दिले त्यांचें स्मारक तेथें आहे, आणि तें पाहिल्याशिवाय मराठी माणसानें पुढें जाऊं नये. तसेंच पुढें चालत गेल्यावर हॉर्निमन सर्कल येण्याच्या जरा अलीकडे मंदिर लागतें. स्टेशनापासून पायीं पावतासाची वाट. अंगणांत कोरीव दगडाचें कारंजें आहे. तें सर कावसजी जहांगीर रेडीमनी ह्या पारशी गृहस्थाच्या पैशांतून झालें, हें आवर्जून दाखवावें. ज्याचा हा धर्म नव्हता त्यानें दाराशीं पाणी ठेविलें.

येथेंच दगडांचा विषय काढावा. एके काळीं मुंबईचे मैल ह्या मंदिरापासून मोजीत. येथून निघणाऱ्या रस्त्यांवर मैलामैलावर दगड पुरले होते, आणि प्रत्येकावर ह्या मंदिरापासूनचें अंतर कोरलें होतें. पुढें रस्ते उंच झाले, दगड पदपथांत बुडाले, कित्येकांवर दुकानें आलीं; अलीकडे त्यांतील बरेच शोधून काढून नीट केले आहेत. यहोशवाच्या चौथ्या अध्यायांतील बारा धोंडे आणि हे दगड ह्यांचा मेळ मंडळीकडूनच काढवावा. यार्देन ओलांडल्यावर ते धोंडे कशाकरितां मांडले? मुलें विचारतील म्हणून. आणि मुंबईचे हे दगड कशाकरितां पुरले? अंतर कळावें म्हणून. पहिले देवानें काय केलें तें सांगतात, दुसरे साहेबाचें ठाणें किती दूर आहे तें सांगतात. दोन्ही दगडच, पण ते एक नव्हेत. ह्यावर अर्धा तास बोलणें सहज होईल, आणि उपदेशकानें आपलें मत सर्वांच्या शेवटीं द्यावें.

आंत जाण्यापूर्वीं एकदोन सूचना. आधीं आठ दिवस तेथील पाळकांस पत्र किंवा निरोप पाठवून वेळ विचारावी. लग्न, प्रेतक्रिया किंवा विशेष उपासना असली तर पाहणाऱ्यांची अडचण होते. पादत्राणें काढावीं लागत नाहींत. ज्यांस सवयीनें काढावींशीं वाटतील त्यांनीं काढावीं, त्यांस कोणी हंसूं नये. छायाचित्र घेणें असल्यास विचारून घ्यावें. डबा अंगणांतहि उघडूं नये. जेवणाकरितां जवळच हॉर्निमन सर्कलाची बाग आहे. ज्या इंग्रज संपादकानें हिंदुस्थानच्या स्वातंत्र्याची बाजू घेतली त्याच्या नांवानें ती बाग १९४७ पासून ओळखली जाते.

भिंतींवर संगमरवरी स्मारकें पुष्कळ आहेत. सगळीं वाचीत बसल्यास संध्याकाळ होईल. आम्ही तीन ठिकाणीं थांबवितों. पहिलें गव्हर्नर जोनाथन डंकन यांचें. हे १८११ सालीं वारले आणि येथेंच पुरले आहेत. काशी प्रांतांत आणि काठेवाडांत कांहीं कुळांत जन्मलेली मुलगी मारून टाकण्याची चाल होती. ती बंद पाडण्यासाठीं त्यांनीं खटपट केली, आणि स्मारकावर तीच गोष्ट कोरली आहे. तेथें बायांस पुढें बोलवावें. आमच्या एका मंडळींतील आजी त्या दगडावर हात ठेवून बराच वेळ उभी राहिली होती. तिनें कांहीं सांगितलें नाहीं, आम्हींहि विचारलें नाहीं.

दुसरें कर्नल बर यांचें. ५ नोव्हेंबर १८१७ रोजीं खडकीच्या लढाईंत पेशव्यांविरुद्ध कंपनीची फौज ह्यांच्या हाताखालीं होती. येथें मराठी मनुष्याचें मन दोहों बाजूंस ओढतें, आणि तसें ओढूं द्यावें. पेशवाई गेल्याचें दुःख ज्यांच्या घरीं सांगतात अशीं माणसें आपल्यांत आहेत. पेशवाईंत ज्यांच्या गळ्यांत मडकें होतें असें सांगणारीं घरें तर त्याहून अधिक आहेत. त्या लढाईंत कंपनीच्या बाजूनें लढणारे शिपाईहि बहुतेक ह्याच देशचे होते. त्यांचीं नांवें ह्या भिंतींवर आम्हीं शोधलीं. आमच्या दृष्टीस पडलीं नाहींत. पुढाऱ्यास संगमरवर मिळतो. पण देवाच्या घराच्या भिंतीवर लढाईच्या जयाचा पाटा असावा काय, हा प्रश्न उपदेशकानें टाळूं नये. आमचें मत विचाराल तर, नसावा. पण आतां आहे तो काढूंहि नये. काढला म्हणजे पुढच्या मुलांस प्रश्न विचारावयास दगड उरत नाहीं.

तिसरी बिशप कार यांची निजलेली मूर्ति. कारागिरी उत्तम आहे. तेथें इतकेंच सांगावें कीं हे पहिले बिशप. १९११ सालीं आलेल्या राजाराणीच्या खुर्च्याहि कोणी दाखवितील. त्या पाहाव्या आणि पुढें चालावें. मंदिराची नीट डागडुजी झाल्यावर २००४ सालीं युनेस्कोनें आशिया-पॅसिफिक विभागांतील वारसाजतनाचा पुरस्कार दिला, हें मात्र सांगण्यासारखें आहे. तीनशें वर्षांची भिंत आपोआप उभी राहत नाहीं. चुना निघतो, वाळवी लागते, पाणी मुरतें, आणि प्रत्येक पिढीस कोणा तरी खजिनदारास हिशेब मांडावा लागतो.

आतां दाराशीं काय घडलें तें सांगतों. तीन वर्षांपूर्वीं आम्ही पुन्हां एक मंडळी घेऊन गेलों. त्यांत सत्तरी उलटलेले एक वडील होते. जन्मभर दुसऱ्याच्या बांधावर मजुरी केलेले, आपल्या गांवांत बाप्तिस्मा घेणाऱ्या पहिल्या घरांपैकीं एका घरचे. सर्व मंडळी आंत गेली. हे चपला काढून पायरीवर उभे राहिले. आम्हीं म्हटलें, "बाबा, आंत चला." ते म्हणाले, "तुम्ही पाहून या. मी हितनं बघतो." उन्हाची तिरीप डोळ्यांवर येत होती म्हणून त्यांनीं कपाळावर हात धरला होता. आम्हीं पुन्हां बोलाविलें, तेव्हां हळूच म्हणाले, "हितं आपल्या माणसांनी बसायचं असतं का?"

प्रिय उपदेशकबंधूंनो, ह्या प्रश्नास आमच्याजवळ तयार उत्तर नव्हतें. १९७० च्या ऐक्याची हकीकत आम्हांस पाठ होती; ती त्या पायरीवर उपयोगी पडेना. आम्ही बाहेर येऊन त्यांच्याशेजारीं उभे राहिलों आणि रामा कामतीची गोष्ट सांगितली, कीं तीनशें वर्षांपूर्वीं ह्याच मंदिराच्या पहिल्या उपासनेस एक मोठा मनुष्य असाच उभा होता. पुढचें दुःखहि सांगितलें. बाबांनीं ऐकून घेतलें आणि विचारलें, "मग त्याला कुणी आत बस म्हटलं न्हाई का?" कॉबसाहेबांनीं तसें कांहीं लिहिलेलें आमच्या वाचनांत नाहीं, असें आम्हीं खरें तें सांगितलें. त्यावर ते थोडा वेळ गप्प राहिले. मग चपला हातांत घेऊन आंत आले आणि मधल्या वाटेनें बरेच पुढें जाऊन एका बांकाच्या अगदीं टोंकाशीं बसले. आमच्या मंडळीनें तेथील परवानगीनें प्रभूची प्रार्थना मराठींत हळू आवाजांत म्हटली. इतर जण डोळे मिटून होते. बाबांचे उघडे होते, छताकडे लागलेले.

परतीच्या गाडींत त्यांस खिडकीजवळ जागा मिळाली. वांद्र्याच्या पुढें आल्यावर त्यांनीं आम्हांस विचारलें कीं आपल्या गांवच्या मंदिरांत दाराजवळ बसणारी ती नवी बाई, वेशीपलीकडची, तिला उद्यां पुढें बसवतां येईल काय. आम्हीं म्हटलें, तें तुमच्या वडील मंडळीनें ठरवावयाचें. "वडील मंडळी म्हणजे मीच की," असें म्हणून ते हंसले, आणि जोगेश्वरी येईपर्यंत झोंपले.

ज्या मंडळ्यांना येत्या हंगामांत यावयाचें असेल त्यांनीं माणसांची संख्या, त्यांत चालतांना त्रास होणारीं किती, आणि मुक्काम किती रात्रींचा, हें आम्हांस आधीं कळवावें. जोगेश्वरीस अंथरुणें पुरेशीं नाहींत. एक चादर प्रत्येकानें आणावी.